तेलाचा डबा किती दिवस पुरतो?



ऊस विकास विभागाच्या या सदरातून आपण आजवर लागणीची वेळ, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलत आलो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे, त्याचे कारण सांगतो. ऊस नोंदीच्या रजिस्टरात दर हंगामाला काही नावे बदलावी लागतात. वारसाचा अर्ज येतो, सोबत मृत्यूचा दाखला असतो. पिकले पान गळायचेच. पण अलीकडे अर्ज हातात आला की आधी वयाकडे नजर जाते. पन्नाशीच्या आतबाहेरची माणसे. घरच्यांना विचारावे तर उत्तर ठरलेले, "काही दुखणं नव्हतं हो, सकाळी धारा काढल्या, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत गेले."

हे आपल्याच भागात घडते असे नाही. ५२ देशांतील हृदयविकाराच्या रुग्णांची पाहणी 'इंटरहार्ट' नावाने झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातून निघालेल्या आकड्यांनुसार भारत आणि शेजारच्या देशांतील माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे सहा वर्षे आधी. पोरीचे लग्न, पोराची नोकरी, विहिरीचे कर्ज, सगळे त्याच सहा वर्षांत असते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. झटक्यामागची बहुतेक कारणे माणसाच्या हातातली आहेत : तंबाखू, रक्तदाब, साखरेचा आजार, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, अंगमेहनत नसणे, ताण, आणि ताटात भाजी-फळे नसणे. तंबाखू-मिश्रीबद्दल वेगळे लिहावे लागेल. आज ताटापुरतेच बोलू.

"मी तर काटकुळा, मला काय होणार?" असे बरेच जण म्हणतात. याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. आपल्या खेड्यातील बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले, इंग्लंडमधील बाळ साडेतीन किलो. पण वजनात एवढा फरक असूनही कातडीखालची चरबी आपल्या बाळाची त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस. बाळ दिसायला बारीक, आतून चरबीचे. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! उसाचे तसेच आहे. फड बांधावरून कितीही चांगला दिसो, ब्रिक्स घेतल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून काटा वजन काय दाखवतो याबरोबर कंबर मोजावी. बेंबीजवळ टेप धरून पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली तर सावध व्हावे. पँटचा नंबर सांगू नये, पँट पोटाखाली घालतात.

काम बदलले, ताट बदलले नाही

आपला पट्टा कसा बदलला हे सांगायला नको. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढे चाकण-महाळुंगे. जिथे बाजरी आणि कांदा होता तिथे शेड उभ्या राहिल्या. ज्यांची जमीन राहिली त्यांचीही मेहनत बदलली. मोटेच्या काळातला माणूस दिवसभर बैलांमागे पुढेमागे चालत असे. आज मोटार मोबाईलवरून चालू होते, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवला की झाले, नांगरटीला ट्रॅक्टर, तोडणीला टोळी नाहीतर मशीन. बांधावर जायला मोटारसायकल. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही, त्या कष्टांनी माणसे वाकून गेली होती. पण आजोबा तीन भाकरी खाऊन जेवढे चालत, तेवढ्याच तीन भाकरी नातू बसून खातो. शिवाय आजोबांच्या कोरड्यासात तेल नावाला असे, नातवाच्या रश्श्यावर तर्री तरंगते.

आणि मधल्या वेळचे तर मोजतच नाही कुणी. पोरगं कंपनीत सेकंड शिफ्टला, बस सुटायच्या आधी चौकात वडापाव, रात्री साडेबाराला घरी येऊन पुन्हा पूर्ण जेवण, आणि लगेच आडवे होणे. नाईट असेल तर पहाटे चहा-बिस्किट, फरसाण. शिफ्ट काही आपल्याला बदलता येत नाही. पण मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी घरी करून, डब्यात भाकरी-उसळ आणि एखादे फळ देऊन, रात्री आल्यावर वाटीभर आमटी-भात एवढ्यावर भागवता येते. ही सवय लावणारी घरे मी पाहिली आहेत.

महिन्याचा हिशेब

आपण खताचा हिशेब एकरी करतो, तसा खाण्याचा माणशी करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यातले आणि जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे घेऊन पाच मोठ्या माणसांच्या घराचा हिशेब मांडतो.

तेल-तूप : बैठ्या कामाच्या माणसाला दिवसाला सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे. पाच माणसांना १३५ ग्रॅम, महिन्याला चार किलो. याचा अर्थ १५ किलोचा डबा जवळजवळ पावणेचार महिने पुरला पाहिजे. आता घरी जाऊन विचारा, मागचा डबा कधी फोडला होता?

मीठ : माणशी दिवसाला ५ ग्रॅम, सपाट भरलेला एकच चमचा. एक किलोची पुडी ४० दिवस जायला हवी. यात लोणचे, पापड, खर्डा, फरसाण यांतले मीठही आले. रक्तदाब वाढवणारी मुख्य चीज ही, आणि रक्तदाब वाढलेला माणसाला कळतही नाही.

साखर : माणशी २५ ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे घराला महिन्याला पावणेचार किलो, गोडधोड धरून.

साखरेबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो, हे कबूल. साखर कारखान्याचा माणूस, कारखान्याच्या पत्रकात, साखर कमी खा म्हणतो! पण हिशेब हिशेब असतो. चहाच्या कपात दोन भरलेले चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसात सहा कप होतात, कारण आपल्याकडे कुणाच्या दारात गेले आणि चहा नाही घेतला तर राग येतो. झाले ६० ग्रॅम. रसवंतीवर १८ ब्रिक्सचा रस २०० मिलिलिटर घेतला तर त्यातच ३० ग्रॅमच्या वर साखर जाते, ती तर आपण स्वतःच पिकवलेली. काही जण म्हणतात, आम्ही गुळाचा चहा पितो. गुळात थोडे लोह वगैरे असते, पण बाकी बहुतेक साखरच, रक्तात गेल्यावर ती वेगळी वागत नाही. सभासद कार्डावर सवलतीची साखर मिळते म्हणून ती महिन्यात संपवलीच पाहिजे असा काही पोटनियम नाही. आणि घरात दोन किलो कमी लागली म्हणून उसाचा भाव पडणार नाही. साखरेचे मोठे गिऱ्हाईक मिठाईवाले, बिस्किटवाले आणि शीतपेयाच्या कंपन्या आहेत. शिवाय उसापासून इथेनॉल होते, आणि २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली आहे.

पिकवणाऱ्यानेच आपले पीक कमी खायचे, हा पेच दुसऱ्या एका ठिकाणी फार पूर्वी पडला होता. फिनलंड देशाच्या पूर्वेला उत्तर कारेलिया म्हणून प्रांत आहे. दुधाचा धंदा करणारे लहान शेतकरी आणि लाकूडतोडे. गाई त्यांच्या, लोणी त्यांचे, ते भाकरीवर जाड थापून खायचे. कष्टाळू लोक, पण हृदयविकाराने भर वयातले पुरुष मरण्याचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असणाऱ्या भागांत त्यांची गणना होती. शेवटी तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ साली काम सुरू झाले. डॉ. पेक्का पुस्का नावाचा तरुण डॉक्टर प्रमुख. त्यांनी दवाखान्यात बसून उपदेश केला नाही. गावोगावच्या महिला मंडळांत जाऊन त्याच जुन्या कालवणात चरबी कमी, भाजी जास्त घालून रांधून दाखवले. तंबाखू आणि रक्तदाब यांच्यामागेही लागले. लोणी कमी खा म्हटल्यावर दूधवाले शेतकरी नाराज झाले, होणारच. मग काहींना तिथल्या बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळवण्याचे प्रयत्न झाले. सुमारे चाळीस वर्षांत कमावत्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

चुलीपाशी काय करावे

आपल्याकडे तर शिकायलाही लांब जायला नको. खेड-जुन्नर-आंबेगावच्या जुन्या घरांत जे शिजत असे त्यात बरेचसे बरोबरच होते. बाजरीची भाकरी, तिला तेल लागत नाही. हुलग्याचे शेंगोळे, माडगे. मटकीची उसळ, चाकवत, तांदुळजा, घोळ, अंबाडी, शेपू. माळवं विकत आणावे लागते म्हणून कमी खातो, असे हल्ली शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकतो तेव्हा नवल वाटते. उसाला पाणी देता, त्याच पाटाच्या कडेला दोन वाफे घरापुरते टाकायला काय हरकत आहे? भाजी आणि फळे मिळून माणशी दिवसाला अर्धा किलो सांगितले आहे. मावळातल्या मंडळींनी इंद्रायणी भात सोडावा असे मी सांगणार नाही, सांगूनही सोडणार नाहीत. पण ताटात भाताचा डोंगर आणि वाटीत डाळीचे पाणी, हे उलटे करावे. भात वाटीने, आमटी घट्ट.

तेलासाठी एक सोपी युक्ती. महिन्याच्या एक तारखेला चार किलो तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवावे आणि पळीऐवजी चमचा वापरावा. शेंगदाणा, करडई, सोयाबीन असे आलटून पालटून घ्यावे. डब्यावर "कोलेस्टेरॉल नाही" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्याने हुरळून जाऊ नये, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसते. तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, तरी ते घरात न आणलेलेच बरे. दुधाचे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येते. डेअरीत सातची फॅट लागली की आनंद होतो, पण तेच म्हशीचे दूध अर्धा लिटर प्यायले तर ३५ ग्रॅम स्निग्धांश पोटात गेला. साय काढून प्यावे, ताक भरपूर घ्यावे, मीठ न घालता.

चव एकदम बदलू नका, घरात भांडण होईल. चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करा. मिठाचेही तसेच. काही आठवड्यांत जिभेला तेवढ्याचीच सवय होते, मग पूर्वीचेच खारट लागते.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस आणि वर गोड चहा, हा उपास पोटाला नव्हे. भगर, ताक, रताळे, फळे यांवरही एकादशी होते. सप्ताहाच्या महाप्रसादात बुंदीऐवजी केळी वाटायला सुरुवात करायची तर त्याला गावकीचीच तयारी हवी.

एक गोष्ट मुद्दाम पुरुष सभासदांसाठी. वर सांगितलेल्या सहा गावांच्या अभ्यासात असेही आढळले की ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची बाळे जास्त भरली. घरातली सून शेवटी जेवते, उरलेले खाते. दूध सगळे डेअरीला जाते. पुढच्या पिढीचे हृदय तिथे तयार होत असते, हे लक्षात घेऊन तिच्या वाट्याचे दूध आणि पालेभाजी आधी बाजूला काढावी.

ज्यांना आधीच गोळ्या चालू आहेत त्यांनी खाणे सुधारले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारूनच कमी करावे. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकते. माती तपासल्याशिवाय आपण खताचा डोस ठरवत नाही. तीस वर्षांवरील माणसांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, ती नवरा-बायको दोघांनी करून घ्यावी. आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंगाला गार घाम असे झाले तर पित्त समजून सोडा पीत बसू नये, गाडी स्वतः चालवत जाऊ नये. १०८ नंबरला फोन करावा.