परमुलखातील दस्तरखान

सोलापूरहून रत्नागिरीस गेल्यावर यजमान आपुलकीने तिसऱ्यांचे कालवण वाढतात. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई. त्यांच्याकडे ते हलाल. आपण हनफी असू, तर जलचरांपैकी मासळीच वैध. मग काय करावे?

वाचकहो, हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी भाजलेला सांडा वाढला गेला. तो काय आहे हे कळताच प्रेषितांनी (स.) हात आवरला. आपल्या मुलखात हा नसल्याने मन घेत नाही, असे सांगितले. हराम म्हटले नाही. हजरत खालिद (रजि.) यांनी तो त्यांच्यासमोरच खाल्ला.

म्हणून अनोळखी पदार्थाविषयी आधी नम्रपणे विचारावे. वर्ज्य असल्यास घेऊ नये, पण अन्नाला नावे ठेवू नयेत, प्रेषितांनी (स.) ती कधीच ठेवली नाहीत. बिस्मिल्लाह म्हणून तांदळाची भाकरी आनंदाने खावी आणि यजमानासाठी दुआ करावी.