बोटीवरची सावली : कशाला किती खर्च येतो?

कोकणात हल्ली घरची छोटी फायबर बोट ठेवणारे बरेच झाले आहेत. पंधरा-सोळा फुटांची बोट, मागे आऊटबोर्ड इंजिन, रविवारी खाडीत फेरी. बोट घेताना इंजिनाची चौकशी सगळे करतात. डोक्यावरच्या छताची आठवण मात्र एप्रिलच्या उन्हात होते, आणि मग घाईने कुणाकडून तरी चार पाईप आणि ताडपत्री ठोकून घेतली जाते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं याच बोटीत बसतात, म्हणून हा खर्च नीट विचार करून करावा.

सुरुवात उन्हापासून करू. मालवण साधारण 16 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि छताची सावली बरोबर बोटीत पडते. पण तेव्हा बोट काढतो कोण? फेरी निघते साडेचारच्या सुमाराला. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32-33 अंशांवर उतरलेला असतो. बसणाऱ्याच्या मांडीपासून सव्वा मीटर उंच छत असेल तर त्याची सावली जवळपास दोन मीटर बाजूला सरकते. सहा फूट रुंदीच्या बोटीत म्हणजे ती पाण्यातच पडली! म्हणून नुसत्या छताचा भाव विचारू नका. पश्चिमेच्या बाजूला लावता-काढता येईल असा दोन-अडीच फुटांचा पडदा त्यातच शिवून मागा. शेडनेटचा पडदा सर्वांत चांगला, कारण त्यातून वारा जातो. मागची बाजू मात्र कधीच बंद करू नका. इंजिनाचा धूर आत कोंडला तर तो जिवावर बेततो.

आता पैशांचं. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, गावोगाव कमी-जास्त होतील. सहा फूट लांब, साडेपाच फूट रुंद छत धरलं आहे. सर्वांत स्वस्त म्हणजे जीआय पाईपचे चार खांब, वर चौकट आणि ताडपत्री किंवा 75-90 टक्क्यांचं शेडनेट. वेल्डिंगसकट तीन ते चार हजारांत काम होतं. ताडपत्री एक मोसम टिकते, पण बदलायला दोन-तीनशे रुपयेच लागतात. अडचण पाईपची आहे. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि खारं पाणी नेमकं तिथूनच शिरतं. दोन-तीन वर्षांत सांधा आतून पोकळ होतो, वरून रंग मारलेला असतो म्हणून दिसत नाही. शिवाय हे छत मिटत नाही. वारा सुटला की ते शिडासारखं भरतं.

त्याच्या वरचा पर्याय घडीच्या हुडाचा. तीन कमानी, काठावर बिजागऱ्या, पुढे-मागे ताणपट्टे. नको तेव्हा मागे दुमडून ठेवायचा. या चौकटीला 25 मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाईप अकरा-बारा मीटर लागतो. त्याचं वजन दहा किलोच्या आसपास. 304 प्रतीचं स्टील किलोला तीनशे धरलं तर तीन हजार. 316 पाचशे धरलं तर पाच हजार. फरक दोन हजारांचा. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तेच तोंड देतं. 304 वर खाडीत काही महिन्यांत चहाचे डाग पडल्यासारखे तांबूस ठिपके येतात. कमानी वाकवण्याची मजुरी दोन्हीला सारखीच, तीन ते पाच हजार. बिजागऱ्या आणि जोड तीन ते पाच हजार, तेही स्टीलचेच घ्या. नायलॉनचे जोड उन्हाने ठिसूळ होतात. खाऱ्या पाण्यात बोट चालवणाऱ्याने 304 वर दोन हजार वाचवणं मला मुळीच पटत नाही. तापोळ्याच्या शिवसागरात किंवा मुळशीला बोट असेल तर 304 पुरे, तिथे पाणी गोडं आहे.

कापडात खरी निवड करावी लागते. पीव्हीसीचा लेप असलेलं कापड शिलाईसकट अडीच ते चार हजारांत बसतं, पावसाचा थेंब आत येऊ देत नाही, पण तीनेक वर्षांत कडक होऊन घडीवर चिरतं. सूत रंगवूनच विणलेलं अ‍ॅक्रिलिक कापड सहा ते आठ हजारांनी महाग पडतं, पण आठ-दहा वर्षं टिकतं, रंगही जात नाही. रिक्षाचे हूड शिवणारे कारागीर हे काम उत्तम करतात. फक्त धागा तुम्ही आणून द्या: जाड पॉलिएस्टर, किंवा ऐपत असेल तर टेफ्लॉनचा. साध्या नायलॉन धाग्याला ऊन खातं आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. वरून फिका रंग, खालून गडद असेल तर पाण्याची तिरीप डोळ्यांवर कमी येते.

एकूण हिशेब असा: 304 आणि पीव्हीसी मिळून साडेअकरा ते सतरा हजार, 316 आणि अ‍ॅक्रिलिक मिळून साडेएकोणीस ते सत्तावीस हजार. आठ वर्षं धरली तर पहिल्याचं कापड दोनदा बदलावं लागेल, म्हणजे वर्षाला साधारण अडीच हजार. दुसऱ्याचा खर्च वर्षाला तीन हजार. जीआय-ताडपत्री वर्षाला दीड हजारात पडते. ती स्वस्तच आहे, हे मान्य करायला हवं. जास्तीचे पैसे आपण देतो ते छत मिटण्यासाठी आणि गंज न लागण्यासाठी.

मिटणं किती महत्त्वाचं? वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा चढतो, त्यात तुम्ही समोरून बोट दामटली तर काठावरच्या बिजागऱ्यांवर सगळा ताण येतो. म्हणून त्या नुसत्या स्क्रूवर बसवू नयेत. आरपार बोल्ट, आतून स्टीलची पट्टी, भोकात मरीन सीलंट. वेग घेताना किंवा ट्रेलरवरून बोट नेताना हूड मिटवलाच पाहिजे.

फायबरचं पक्कं छप्पर पस्तीस ते साठ हजारांत होतं. सोळा फुटांच्या बोटीवर मी ते सुचवणार नाही. तीस-चाळीस किलो वजन डोक्याच्या वर गेलं की बोट डुलायला लागते. मोठ्या बोटीवर चढवणार असाल तर आधी मेरीटाईम बोर्डाच्या, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या, सर्व्हेअरला विचारा.

माप देताना इंजिन विसरू नका. दोरी ओढून चालू होणारं इंजिन असेल तर मागची कमान हाताला आडवी येते. कारागिराला बोटीवर बोलवा, दोरी ओढून दाखवा, इंजिन वर उचलून दाखवा, मगच भोक पाडू द्या.

वर्षातून दोन-चारच फेऱ्या मारणाऱ्याने जीआय पाईप आणि शेडनेटवर भागवावं, पण सांधे दर मोसमाआधी ठोकून पाहावेत. दर आठवड्याला खाडीत जाणाऱ्याने 316 ची चौकट आज करावी आणि हात आखडता असेल तर कापड सध्या पीव्हीसीचं घ्यावं. ते चिरेल तेव्हा अ‍ॅक्रिलिक शिवता येईल, चौकट तीच राहील. मे संपला की हूड उतरवून गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवून घरात ठेवा.