जव्हारचा जयसागर फुकट, मग खर्च होतो कुठे?

चार माणसांचे जव्हार-मोखाड्यात दोन दिवस किती रुपयांत होतात, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : एसटीने जाणार की गाडीने, आणि पावसात की हिवाळ्यात? या दोन उत्तरांवर सगळा हिशेब ठरतो. ज्यासाठी जायचं त्या गोष्टींना इथे जवळपास काहीच पैसे पडत नाहीत. जयसागराच्या काठाला तिकीट नाही, हनुमान पॉइंटवरून खाली पसरलेल्या दरीला नाही, सूर्यमाळच्या वाऱ्यालाही नाही. पैसे जातात ते तिथे पोचण्यात, फिरण्यात आणि राहण्यात. ते कुणाच्या हातात पडतात, याकडेही लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

जयसागर म्हणजे जव्हार शहराला लागून, झाडीत लपलेलं छोटं धरण. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरच्या या गावाचं पिण्याचं पाणी इथूनच येत आलं आहे. पावसाळा सरता सरता तळं भरलेलं असतं आणि भोवतालच्या टेकड्यांचा हिरवा रंग अजून उतरलेला नसतो. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ माझ्या मते सगळ्यांत चांगला. सकाळी जावं, काठाने चालावं, शांत बसावं. पाण्यात उतरू नये, गाडी धुऊ नये, साबण लावू नये. गावाच्या घागरीत जाणारं पाणी आहे ते.

हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट आणि शिरपामाळ ही ठिकाणं एका संध्याकाळी आणि एका सकाळी बसतात. शिरपामाळावर शिवाजी महाराज १६६४च्या सुरत मोहिमेला जाताना थांबले होते आणि जव्हारच्या राजांनी तिथे त्यांचं स्वागत केलं, असं इथे सांगतात. मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा खासगी मालमत्ता आहे. आत जायला मिळेल असं गृहीत धरून निघू नका. मिळालंच तर दारावर जे शुल्क असेल ते द्या.

आता प्रवास. एसटीने जाणाऱ्यांनी भाड्याचं गणित समजून घेतलं तर घरबसल्या अंदाज येतो. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झालं. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडामार्गे जव्हार साधारण ८० किलोमीटर, म्हणजे १४ टप्पे, माणशी सुमारे १४० रुपये. मुंबईकरांना पश्चिम रेल्वेच्या डहाणू लोकलने पालघरला उतरून मनोर, विक्रमगडमार्गे जव्हारची एसटी धरता येते. ते अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास, भाडं १३० रुपयांच्या घरात. लोकलचं द्वितीय श्रेणीचं तिकीट पंचवीस-तीस रुपयांपलीकडे जात नाही. जव्हारला एसटीचं आगार आहे. ठाणे, कल्याण, भिवंडीकडूनही गाड्या आहेत.

सवलती मात्र लोक विसरतात. मार्च २०२३पासून राज्यात महिलांना सर्व एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या भाड्याची सवलत आहे, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे. समजा नवरा, बायको, आठ वर्षांचं मूल आणि ७६ वर्षांची आजी असे चौघे नाशिकहून निघाले, तर १४० अधिक ७० अधिक ७० अधिक शून्य, म्हणजे एका बाजूचे २८० रुपये. आजीचं आधार कार्ड पर्समध्ये वरच ठेवा. वयाचा पुरावा दाखवला नाही तर सवलत मिळत नाही आणि वाहकाशी वाद घालून उपयोग नसतो.

गाडीने येणाऱ्यांचा हिशेब वेगळा. मुंबईहून मनोरमार्गे जव्हार सुमारे १४५ किलोमीटर. जाणं-येणं आणि तिथलं फिरणं धरून ४०० किलोमीटर मोजा. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला २७ लिटरच्या आत पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर पावणेतीन हजार होतात; घाटात सतत गियर बदलावा लागतो, तेव्हा शंभर-दोनशे वर धरलेले बरे. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांसाठी ऑगस्ट २०२५पासून खासगी गाड्यांना वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा फास्टॅग पास मिळतो; सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती. फक्त या सहलीसाठी तो घेऊ नका, पण महिन्यातून दोनदा महामार्गावर येणाऱ्याला तो परवडतो. टाकी मनोरला किंवा जव्हारला भरून घ्या. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ या पट्ट्यात पंपाच्या भरवशावर राहू नये.

एसटीने गेलात तर खरा खर्च जव्हारला उतरल्यावर सुरू होतो. दाभोसा धबधबा शहरापासून वीसेक किलोमीटर, मोखाडा पंचवीसेक, आणि सूर्यमाळ त्याहून पुढे खोडाळ्याच्या बाजूला. जव्हार-मोखाडा एसटीने पन्नासेक रुपयांत होतं, पण धबधब्यापर्यंत आणि पाड्यांपर्यंत गाड्या मोजक्याच. दिवसभरासाठी जीप ठरवायची तर अडीच हजार रुपये बाजूला ठेवा. आधी कुठे कुठे जायचं, किती किलोमीटर, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, जेवण चालकाचं की आपलं, हे निघण्यापूर्वी बोलून घ्या. दुसरं एखादं कुटुंब सोबत असेल तर हा खर्च निम्म्यावर येतो आणि जीपही भरते.

राहायला साधी स्वच्छ खोली हजार ते दोन हजारांत, घरगुती मुक्काम जेवणासह माणशी हजार ते दीड हजारांत आणि डोंगरावरचं बऱ्यापैकी रिसॉर्ट तीन हजारांपासून पुढे, असा अंदाज धरून चौकशी करा. शनिवार-रविवारी, पावसातल्या सुट्ट्यांत आणि जव्हारच्या दसऱ्याला हे आकडे वर जातात. दसऱ्याचा मोठा उत्सव असतो, तेव्हा खोली आधी पक्की केल्याशिवाय निघू नका. बिलात एक गोष्ट तपासा. २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वीसारखा १२ टक्के नाही. जुना दर लावला असेल तर विचारा. छोट्या घरगुती मुक्कामाची जीएसटी नोंदणीच नसेल, तर तिथे हा कर आकारताच येत नाही. बिल चुकीचं निघालं आणि मालक ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवता येते. मराठीत बोललं तरी चालतं.

जेवणाला दिवसाला माणशी साडेतीनशे रुपये पुरतात. पनीर आणि नूडल्स शहरात मिळतातच. इथे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, गावठी भाजी, तांदळाची भाकरी मागा. घरगुती जेवणासाठी सकाळीच सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी वीस माणसं जाऊन उभी राहिली तर त्या घरातल्या ताईला पाणी कुठून आणायचं हा पहिला प्रश्न पडतो.

पाण्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण सहलीच्या खर्चात कुणी ते धरत नाही. मोखाड्यात पाऊस प्रचंड पडतो. पण जमीन काळ्या बसाल्टची, मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. चार महिन्यांत पडलेलं पाणी मुरण्याआधीच ओहोळांतून नदीला जातं. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याकडे येणारा रस्ता वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो. याच खोऱ्यात कोचाळे गावाजवळ मुंबई महानगरपालिकेने १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण बांधलं. ते २०१२मध्ये पूर्ण झालं आणि त्यातून मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळतं. धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवर मात्र मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट पाहिली जाते. बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. मुंबईत आपण नळाचं जे पाणी पितो त्याला हजार लिटरमागे मोजके रुपये पडतात, आणि इथे दुकानातली एक लिटरची बाटली वीस रुपयांची.

म्हणून माझं सांगणं असं. घरून पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून न्या. बाटल्यांचे दोनशे रुपये वाचतात आणि प्लास्टिक डोंगरावर राहत नाही. मार्च ते मे या काळात मुक्काम करायचाच असेल तर जव्हार शहरात करा, पाड्यावर नको. आंघोळ बादलीने करा. ज्या मुक्कामाच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव आहे तिथे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं का हे फोनवरच विचारा. उत्तर ऐकून राहायचं की नाही ते ठरवा.

धबधब्यांच्या बाबतीत पैशांपेक्षा जिवाचा हिशेब आधी. दाभोशाला लेंढी नदी सुमारे तीनशे फुटांवरून कोसळते आणि ते वरून पाहण्यात काहीच उणं नाही. जुलै २०२०मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवीच्या धबधब्यात पाच तरुण बुडाले. खालचा डोह शांत दिसतो, पण वर पाऊस झाला की पाण्याचा लोंढा काही मिनिटांत येतो. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतात. निघण्याच्या दिवशी बातमी पाहा, बंदी असेल तर बेत बदला. बंदी नसली तरी गावातला एखादा मुलगा वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला दिवसाचे पाचशे रुपये द्या. या सगळ्या खर्चात मला सगळ्यांत योग्य वाटतो तो हाच. कुठला खडक निसरडा आणि कुठून मागे फिरायचं, हे त्याला माहीत असतं. गावच्या समितीने गाडी लावण्याचे वीस-पन्नास रुपये मागितले तर पावती घ्या आणि द्या.

सूर्यमाळला किंवा एखाद्या पाझर तलावाकाठी तंबू ठोकण्याची हौस अनेकांना असते. हा सारा पट्टा अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६च्या पेसा कायद्याने गावच्या छोट्या तलावांचं व्यवस्थापन स्थानिक पंचायतीकडे दिलं आहे, आणि भोवतीचं रान बहुधा वनखात्याचं असतं. म्हणजे मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. आधी गावात विचारा, परवानगी आणि जे शुल्क ठरेल ते घ्या-द्या, चूल पेटवायची तर कुठे तेही विचारा. गळ टाकून मासे धरणं तर न विचारता अजिबात नको; तो कुणाच्या तरी रात्रीच्या जेवणाचा भाग असतो. खोडाळ्याजवळचं देवबांधचं गणपती मंदिर मात्र बिनखर्चाचं आणि बिनपरवानगीचं. नदीकाठी सावली आहे, सोबत आणलेली भाकरी तिथे खाता येते.

खरेदीसाठी हजारभर रुपये वेगळे काढा. २०१४मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात यंत्रावर छापलेली नक्कल भरपूर आहे. रंगाच्या रेषेवर बोट फिरवून पाहा, हाताने काढलेल्या रेषेची जाडी सारखी नसते. बोहाडा या आदिवासी उत्सवात घालायचे मुखवटे करणारे कारागीर जव्हारच्या परिसरात आहेत. त्यांच्या घरी जाऊन घेतलं तर पूर्ण रक्कम त्यांना मिळते. तिथे घासाघीस करू नये. एका मुखवट्याला किती दिवस लागले ते विचारा आणि त्या दिवसांची मजुरी मनात मांडा.

तेच चौघे मुंबईहून निघाले असं धरून एका मुक्कामाचा हिशेब आता मांडू. लोकल आणि एसटी दोन्ही बाजूंची मिळून सातशे ते साडेसातशे, एक दिवसाची जीप अडीच हजार, खोली अठराशे, जेवण अठ्ठावीसशे, वाटाड्या पाचशे : साधारण ८,३००. स्वतःच्या गाडीने पेट्रोल पावणेतीन हजार, टोलला चारशे धरले आणि बाकी तेच, तर जवळपास तेवढेच. म्हणजे जीप एकट्याने ठरवली तर एसटी स्वस्त पडत नाही. दोन कुटुंबांत वाटली तर सात हजारांत भागतं, आणि फक्त जव्हार शहर व जयसागर पायी फिरायचं ठरवलं, जीप आणि वाटाड्या दोन्ही वगळले, तर साडेपाच हजारांच्या आत. लहान मूल आणि वयस्क आजी सोबत असेल तर मी शेवटचा पर्याय सुचवेन.

दोन हजार रुपये रोख जवळ हवेतच, त्यात पन्नास-शंभरच्या नोटा जास्त. एटीएम जव्हारला आहेत, पण पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते आणि तिथे फोनवरून पैसे देता येत नाहीत. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ची रुग्णवाहिका मोफत असते, पण दुर्गम पाड्यावर पोचायला तिला वेळ लागतो, म्हणून नेहमीची औषधं सोबत ठेवा. जव्हारला उतरताच आगारात परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून लिहून घ्या. मोखाडा आणि खोडाळ्याकडून संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात, आणि अंधारात धुकं उतरलेल्या घाटातून परतायला भाड्याची जीप दुप्पट पैसे मागते.