जुना ट्रॅक्टर घेताना : ओढण्याइतकाच आवरण्याचाही विचार

बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग लोकव्यवहारात पूर्वापार मानले जातात. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके घाटावर. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. १८७० साली जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला तो प्रामुख्याने खामगावच्या कापसाच्या बाजारपेठेसाठी. त्या काळी कापूस बैलगाड्यांतून येत असे. आज त्यांची जागा बव्हंशी ट्रॅक्टर-ट्रॉलीने घेतली आहे. राजूर घाट आणि बोथा घाट यांचा उतार मात्र तोच आहे.

नवा ट्रॅक्टर घेणे प्रत्येक शेतकऱ्याच्या ऐपतीत बसत नाही; म्हणून जुन्याकडे ओढा असतो. टंचाईच्या दिवसांत गावाला पाणी पुरविण्यासाठीही ट्रॅक्टरला टँकर जोडला जातो. घेणारा पहिला प्रश्न विचारतो, तो 'ओढतो किती?' हा. त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न 'आवरतो किती?' हा आहे.

भाराचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ५,००० लिटरच्या टँकरातील पाणीच ५ टनांचे झाले. ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः सुमारे २ टनांचा. म्हणजे उतारावर अडीच पटींहून अधिक भार ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागील दोन चाकांना असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतोच. त्यातच वेग दुप्पट झाला, तर थांबण्यासाठी लागणारे अंतर सुमारे चौपट होते. अर्धवट भरलेल्या टँकरातील पाणी हेलकावते आणि वळणावर तोल घालविते. म्हणून टाकीच्या आत आडवे पत्रे असणे अगत्याचे आहे.

खरेदीपूर्वी तपासणी

शेतात नांगरताना वळण घेण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे वापरता येतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल एकत्र जोडलेलेच हवेत. ते जोडणारा खटका शाबूत आहे का, हे प्रथम पाहावे. मोकळ्या, सपाट जागी ब्रेक दाबून पाहावा. ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जाता कामा नये. हूकचे छिद्र झिजून लांबट झाले आहे का, पिनला अडकण आहे का, हेही पाहावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून घ्यावे. काळा धूर सतत येत असेल, तर एअर क्लीनर तुंबला असण्याचा किंवा इंजेक्टर बिघडल्याचा संभव असतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते, असे समजावे. ऑईल दुधाळ दिसल्यास व्यवहार थांबवावा.

कागदपत्रे

इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा नोंदलेला असल्यास तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची माहिती परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. ट्रॉलीचीही नोंदणी आवश्यक आहे. शेतीसाठी नोंदलेले वाहन भाड्याने पाणी वाहण्यास लावल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. म्हणून त्याची आधीच चौकशी करावी.

देखभाल व घाटातील शिस्त

काळ्या मातीची धूळ हा इंजिनचा मोठा शत्रू होय. धुळीच्या दिवसांत ऑईलबाथ एअर क्लीनरची वाटी रोज पाहावी व गढूळ झालेले ऑईल बदलावे. डिझेल फिल्टरमधील पाणी नियमाने काढून टाकावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा झाडावा. दोन्ही ब्रेक सारखे लागतील असे जुळवून घ्यावेत. ट्रॉलीमागे परावर्तक पट्टी व चालू दिवा असल्याविना अंधारात रस्त्यावर येऊ नये.

घाट ज्या खालच्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे इंजिनचा आवर सोडून सर्व भार ब्रेकवर टाकणे होय. तापलेला ब्रेक अशा वेळी दगा देतो.

ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यापूर्वी टँकर ठरविताना दराबरोबरच ब्रेक, हूक व कागदपत्रे पाहून त्याची नोंद ठेवावी. शिक्षकांनी वर वजनाचा हिशेब दिला आहे, तो वर्गात मुलांकडून करवून घ्यावा. धावत्या ट्रॉलीला लोंबकळणे किती घातक आहे, हे मग त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.