बेसबॉलचा तरुण पिचर : वरच्या वर्गात कधी पाठवायचा?



आज एका खेळाच्या निमित्ताने आपल्या ओळखीच्या प्रश्नाकडे बघू या. खेळ आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. बेसबॉल. प्रश्न मात्र कुठल्याही शाळेत निघणारा आहे. हुशार मूल हाती आलं, तर त्याला किती लवकर पुढे न्यायचं?

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजासारखा तो पळत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून १८.४४ मीटरवरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या आसपास येतो. असा हात अठराव्या वर्षी दिसला की संघमालक, प्रेक्षक, आईवडील आणि तो मुलगा, सगळ्यांनाच घाई होते. या घाईचं पुढे काय होतं, ते काही खऱ्या उदाहरणांवरून समजून घेऊ.

१) आधी शिडी समजून घेऊ

अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेला मेजर लीग म्हणतात. तिथे ३० संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली छोटे संघ असतात, ती मायनर लीग. खालून वर पायऱ्या अशा आहेत : रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. आपल्याकडे पहिली-दुसरी-तिसरी असते तसंच, फरक एवढाच की इथे ‘एक वर्ष, एक वर्ग’ असा नियम नाही. कोणी एका वर्षात तीन पायऱ्या चढतो, कोणी एकाच पायरीवर दोन वर्षं थांबतो.

प्रत्येक पायरीचा आपला अभ्यासक्रम आहे. रुकीमध्ये मुलगा घरापासून दूर राहायला आणि रोजची शिस्त पाळायला शिकतो. डोमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलामधून आलेल्या मुलांना तर इंग्रजीही शिकावी लागते. सिंगल-ए आणि हाय-एमध्ये चेंडू हव्या त्या जागी टाकणं आणि ठरावीक दिवसांच्या विश्रांतीने पूर्ण हंगाम खेळणं येतं. डबल-एमध्ये फलंदाज शहाणे असतात, वाईट चेंडूला बॅट लावत नाहीत. नुसत्या वेगावर निभावून नेणारा पिचर इथे पकडला जातो. ट्रिपल-एमध्ये मेजर लीग बघून आलेले अनुभवी खेळाडू समोर असतात.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ‘मिलियन डॉलर आर्म’ हा २०१४ चा हॉलिवूड सिनेमा पाहिला असेल. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केलं. त्याआधी ते कधी बेसबॉल खेळलेच नव्हते. दमदार हातामुळे दार उघडलं, पण सुरुवात तळाच्याच पायरीवरून झाली. मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. हात ही देणगी आहे, पिचिंग ही शिकायची गोष्ट आहे, एवढं यातून कळतं.

२) पैकीच्या पैकी गुण फसवतात

इथे जरा थांबा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. समजा, एका मुलाचा चेंडू ताशी १५५ किलोमीटरने येतो. खालच्या पायरीवरच्या फलंदाजांना तो दिसतच नाही. मुलगा सगळ्यांना बाद करतो, आकडे झकास दिसतात. पण त्या नादात त्याला दुसरा चेंडू, म्हणजे वळणारा कर्व्हबॉल किंवा फसवा संथ चेंजअप, शिकायची गरजच पडत नाही. निकाल उत्तम आणि शिकणं शून्य!

आपल्या वर्गातही असं मूल असतं. पाढे घडाघडा म्हणतं, पण ‘सात डब्यांत प्रत्येकी आठ लाडू, तर एकूण किती?’ म्हटलं की गप्प बसतं. त्याचे गुण खोटे नसतात, पण ते अपुरी गोष्ट सांगतात. म्हणून चांगले प्रशिक्षक नुसत्या निकालाकडे बघत नाहीत. कधी कधी ते मुलाला सांगतात, ‘आज अमुक इतके चेंजअप टाकायचेच, मार बसला तरी चालेल.’ खालची पायरी चुका करायलाच असते.

३) घाई झाली तेव्हा : डेव्हिड क्लाइड

१९७३ साली टेक्सास रेंजर्सने शाळेतून नुकताच बाहेर पडलेला अठरा वर्षांचा डेव्हिड क्लाइड सर्वांत पहिल्या क्रमांकाने निवडला. संघ हरत होता, स्टेडियम रिकामं राहत होतं. मालकांनी ठरवलं की या मुलाला मायनर लीगमध्ये न पाठवता सरळ मेजर लीगमध्येच उतरवायचं. २७ जून १९७३ ला तो मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध खेळला. ३५ हजारांहून जास्त लोक आले, स्टेडियम पहिल्यांदाच पूर्ण भरलं. मुलाने पाच डाव टाकले, आठ जणांना स्ट्राइकआउट केलं, एकच फटका खाल्ला आणि सामना जिंकला.

सगळे टाळ्या वाजवत होते. पण शिक्षकाच्या नजरेने ती उत्तरपत्रिका पुन्हा बघा. त्याच पाच डावांत त्याने सात वॉक दिले होते, म्हणजे सात फलंदाजांना वाईट चेंडूंमुळे फुकट बेस मिळाला. चेंडू हव्या त्या जागी टाकणं हा खालच्या पायरीचा धडा राहून गेला होता आणि ते पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होतं. दोन सामने खेळवून त्याला खाली पाठवायचं असं आधी ठरलं होतं. पण गर्दी बघून त्याला वरच ठेवलं. त्या वर्षी तो ४ सामने जिंकला, ८ हरला. पुढे खांदाही दुखावला. मेजर लीगमधला शेवटचा सामना तो चोविसाव्या वर्षी खेळला. एकूण हिशेब १८ विजय, ३३ पराभव.

४) वर बसवलं, पण खेळवलं नाही

एकेकाळी असा नियम होता की मोठी रक्कम देऊन घेतलेल्या नव्या मुलाला दोन वर्षं मेजर लीगच्या संघातच ठेवायचं. सँडी कोफॅक्स त्याच नियमात अडकला. १९५५ आणि १९५६ अशा दोन हंगामांत मिळून त्याला साधारण १०० डावच टाकायला मिळाले. त्या काळी नियमित पिचर एका हंगामात याच्या दुपटीने टाकायचा. मुलगा वरच्या वर्गात बसला होता, पण वही कोरीच! तो खऱ्या अर्थाने बहरला १९६१ पासून. पुढे इतिहासातल्या थोर पिचरांत त्याची गणना झाली, पण सुरुवातीची वर्षं बाकावर गेली ती गेलीच.

५) मग सावकाश नेलं की झालं का?

नाही, इतकं सोपं नाही. पॉल स्कीन्सचं बघा. कॉलेजमध्ये तीन वर्षं खेळून तो २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. पुढच्याच वर्षी ११ मे २०२४ ला पायरेट्सने त्याला मेजर लीगमध्ये आणलं. त्याआधी ट्रिपल-एमध्ये सुरुवातीला त्याला मोजकेच डाव देत हळूहळू वाढवत नेलं होतं. २०२४ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही त्याने मिळवला. म्हणजे चाल वेगवान होती, पण पाया आधीच घातलेला होता.

उलट स्टीफन स्ट्रासबर्गला वॉशिंग्टनने जपून, हिशेबाने वर आणलं. ८ जून २०१० च्या पहिल्याच सामन्यात त्याने १४ जणांना स्ट्राइकआउट केलं. आणि तीन महिन्यांच्या आत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तो परत उभा राहिला, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरीही झाला. पण सावकाशपणा हा काही विमा नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

या शस्त्रक्रियेला ‘टॉमी जॉन’ म्हणतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. कोपराच्या आतल्या बाजूचा फाटलेला अस्थिबंध बदलून तिथे शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध बसवतात. परत खेळायला एक वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मुलांसाठी एका दिवसातल्या चेंडूंची मर्यादा सुचवली आहे : ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५ आणि १७-१८ ला १०५. शिवाय वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद. आपल्या मुलांना वर्षभर वेगवान गोलंदाजीच्या शिबिरांना पाठवणाऱ्या पालकांनी यातला विचार जरूर लक्षात घ्यावा.

६) खाली येणं म्हणजे नापास होणं नव्हे

मला सगळ्यांत जास्त शिकवून जातो तो रॉय हॅलडे. १९९८ मध्ये टोरांटोकडून आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्याने शेवटचा फलंदाज उरेपर्यंत एकही फटका दिला नव्हता. सगळे म्हणाले, तयार आहे. पण २००० मध्ये त्याला इतका मार बसला की नऊ डावांमागे सरासरी १०.६४ धावा गेल्या. २००१ मध्ये संघाने त्याला थेट हाय-एला पाठवलं. विचार करा, दहावीच्या मुलाला पाचवीत बसवण्यासारखं!

तिथे मेल क्वीन या प्रशिक्षकांनी त्याची फेकण्याची पद्धतच बदलली. सरळ डोक्यावरून येणारा हात थोडा तिरका केला. त्याच वर्षी तो पायरी-पायरीने परत मेजर लीगमध्ये आला. २००३ आणि २०१० मध्ये साय यंग पुरस्कार, २९ मे २०१० ला २७ पैकी २७ फलंदाज बाद करणारा परिपूर्ण सामना, आणि २०१९ मध्ये मरणोत्तर हॉल ऑफ फेम. संघाने त्याला खाली पाठवून वाऱ्यावर सोडलं नाही. नेमकं काय शिकायचं आहे ते ठरवलं आणि शिकवणारा माणूस सोबत दिला. सगळा फरक तिथे पडला.

७) निर्णय कोणाच्या फायद्याचा?

क्लाइडला वर ठेवलं ते तिकिटांसाठी. आज उलटही घडतं. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू दुसऱ्या संघाकडे जायला मोकळा होतो. म्हणून तयार मुलालाही सुरुवातीचे काही दिवस खालीच ठेवायचं, म्हणजे तो एक वर्ष जास्त आपल्याकडे राहील, असा हिशेब संघ करत आलेत. क्रिस ब्रायंट हा फलंदाज. २०१५ मध्ये त्याचे १७१ दिवस भरले, म्हणजे एक दिवस कमी! त्याने दाद मागितली, पण निकाल संघाच्या बाजूने लागला. २०२२ च्या करारात यावर काही उपाय झाले. नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोन क्रमांकांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, आणि स्कीन्सला ते मिळालं.

मुलाच्या घाईलाही कारण आहे. २०२३ मध्ये ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर होतं आणि मेजर लीगचं ७,२०,०००. त्याला ‘धीर धर’ म्हणणं आपल्याला सोपं आहे.

८) तर मग काय विचारायचं?

• या पायरीवर त्याचं शिकायचं काय उरलं आहे? नेमकं नाव घेऊन सांगता येतं का?
• मार बसल्यावर तो काय करतो? खचतो, की पुढच्या चेंडूत काही बदलतो?
• शरीर आणि विश्रांती यांचा हिशेब कोण ठेवतंय?
• वर गेल्यावर त्याला खरंच खेळायला मिळेल, की नुसता बाकावर बसेल?
• खाली यावं लागलं, तर मानाने येता येईल का?
• या निर्णयाचा फायदा आधी कोणाला होतो?

‘उरलं काही नाही’ असं पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं की एक दिवसही थांबवू नये. उत्तरात एखादा धडा उरलेला असेल, तर स्टेडियम भरत असलं तरी थांबावं. वय आणि गाजावाजा या दोन्ही गोष्टी नंतर.

आपल्याकडे २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. ‘वर घालायचं की ठेवायचं’ ही चर्चाही तेव्हापासून सुरू आहे. माझं म्हणणं एवढंच, की मुलाला ठेवलं, तर ‘तोच वर्ग पुन्हा’ एवढ्यावर सोडू नका. हॅलडेला मिळाला तसा नेमका धडा आणि हाताशी धरणारा माणूस द्या. आणि वर घातलं, तर राहिलेल्या धड्याची चिठ्ठी पुढच्या वर्गाच्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या हाती नक्की द्या.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं पुढे धावणारं किंवा मागे राहिलेलं मूल आहे का? वरचे सहा प्रश्न त्याला लावून बघा आणि काय उत्तरं आली ते जरूर कळवा.