पावतीवरील पंधरा अक्षरें

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं ध्वनिक्षेपक भाड्यानें आणण्याचें काम आम्हां तिघांकडे आलें होतें. ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर, मानपाड्याच्या बाजूस, एका दुकानीं व्यवहार ठरला. भाडें ४,००० रुपये. त्यावर केंद्राचा कर ३६० व राज्याचा ३६०. एकूण ४,७२० रुपयांची पावती घेऊन आम्ही मोठ्या डौलानें परतलों. मास्तरांनीं बेरीज न पाहतां पावतीच्या माथ्यावरील क्रमांक पाहिला आणि विचारलें, "हा जिवंत आहे काय?" आम्हांस प्रश्नच कळला नाहीं.

वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. त्याखालीं नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यास पंधरा अक्षरांचा क्रमांक मिळतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढील दहा अक्षरें म्हणजे व्यापाऱ्याचा पॅन. त्यांतील चौथें अक्षर धनी कोण तें सांगतें : व्यक्ति असल्यास पी, कंपनी असल्यास सी, भागीदारीची पेढी असल्यास एफ. तेरावें स्थान त्या पॅनवर राज्यांतील कितवी नोंदणी हें दाखवितें, चवदावें बहुधा झेड असतें, आणि पंधरावें मागील चवदांवर पहारा करितें.

हा पहारा मोठा गमतीचा आहे. अंकांस त्यांचीच किंमत द्यावी. ए ला १०, बी ला ११, असें करीत झेडला ३५. मग डावीकडून आळीपाळीनें १ नें व २ नें गुणावें आणि प्रत्येक गुणाकारास ३६ नें भागून भागाकार व बाकी यांची बेरीज घ्यावी. चवदाव्या झेडचेंच पाहा : ३५ दुणे ७०, भागाकार १, बाकी ३४, मिळून ३५. अशा चवदा संख्यांच्या बेरजेस ३६ नें भागावें व बाकी ३६ मधून वजा करावी. बाकी शून्य असल्यास उत्तर शून्यच. त्या उत्तराचें अक्षर तें पंधरावें. २७ च्या जागीं चुकून ७२ पडले, तर १६ ऐवजीं ११ ची भर पडते व चूक उघडकीस येते. आम्हीं हें गणित फळ्यावर मांडलें. तें तंतोतंत जुळलें, आणि आम्हीं टाळ्या वाजविल्या.

"टाळ्यांची घाई झाली," मास्तर म्हणाले. क्रमांक लिहिण्यांत चूक नाहीं, एवढेंच गणित सांगतें. तो कोणाचा व आज चालू आहे कीं नाहीं, हें सरकारी नोंदच सांगेल. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे. तीस खातें उघडावें लागत नाहीं. क्रमांक घालतांच धन्याचें नांव, दुकानाचें नांव, नोंदणीची तारीख व स्थिति दिसते. आमच्या दुकानाचें नांव बरोबर निघालें. स्थितीपुढें मात्र ‘रद्द’ असा शेरा होता, आणि तो पावतीच्या चार महिने आधींचा!

नोंदणी नसलेल्यानें ग्राहकाकडून हा कर घेऊं नये, असा कायदा आहे. मात्र ज्याच्यापाशीं क्रमांक नाहीं तो लबाड, असें कोणीं समजूं नये. महाराष्ट्रांत माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत व सेवा देणाऱ्याची २० लाखांपर्यंत असल्यास सामान्यतः नोंदणीची सक्ति नाहीं. कासारवडवलीच्या नाक्यावरील लहान वाणी कर लावीत नाहीं, तें योग्यच.

आम्ही पुन्हां दुकानीं गेलों. मालक रागावले नाहींत. त्यांचा चेहराच उतरला. सतत सहा महिने विवरणपत्रें न भरल्यास नोंदणी रद्द होऊं शकते, हें त्यांस ठाऊक होतें. परंतु तें काम दुसऱ्यावर सोंपवून ते निश्चिंत राहिले होते. त्यांनीं ७२० रुपये परत केले व ४,००० ची नवी पावती लिहिली. दारावरील पाटीवर जुना क्रमांक अद्याप ठळक अक्षरांत रंगविलेला होता.