पोटातील तीव्र वेदना
पोटात तीव्र वेदना होऊ लागली की पुष्कळ घरांत प्रथम एरंडेल आठवते. ही सवय कधीकधी प्राणावर बेतते. आंत्रपुच्छदाह, म्हणजे अपेंडिक्सची सूज, याचे उदाहरण घेऊ. आरंभी वेदना बेंबीभोवती असते. रोग्याला नेमकी जागा दाखवता येत नाही. मग अन्नावरची वासना उडते, मळमळू लागते. काही तासांनी सूज पोटाच्या आतील अस्तराला भिडली की वेदना उजवीकडे खाली सरकते. १८८९ साली न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी वर्णिलेला दुखरा बिंदू तो हाच. म्हणूनच कुटुंबाचा डॉक्टर 'कोठे दुखते?' एवढे विचारून थांबत नाही. 'प्रथम कोठे दुखू लागले?' हेही विचारतो. ही लक्षणे सर्वच रोग्यांत सारखी नसतात. वृद्धांत ती पुष्कळदा सौम्य भासतात. अशा वेळी रेचक दिल्यास अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढतो. फुटल्यावर वेदना काही काळ कमी होते. पण हा आराम फसवा असतो, कारण पू पोटात पसरू लागलेला असतो. तेव्हा एरवी निरोगी असलेल्या माणसाची तीव्र पोटदुखी सहा तासांत थांबली नाही, तर शल्यचिकित्सकाला दाखवावेच. वेदना असह्य असल्यास तितकेही थांबू नये.